हलका वाजलेला बार

आप्पामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. मामेभाऊ सुहास बोलत होता. "आप्पा गेले रे... सकाळी चाय घेतल्यानी, कप खाली ठेवल्यानी, आणि..." मी "निघतो" म्हणालो, मुख्याध्यापकांना सांगितलं, मोटरसायकल काढली. मालवण मागे पडून कट्टा गावाचा रस्ता लागला तरी रडू आलं नाही. जे मनात आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहायचंच ठरवलं आहे तर पहिल्यापासून खरं लिहावं. मनात आलं, सुटलो, आता सांगावं लागणार नाही. आणि पुढच्याच चढावर ध्यानात आलं, की आता सांगताच येणार नाही. सांगायचं होतं ते अगदी थोडं होतं. सात वर्षांपूर्वी त्या सकाळी त्यांचा नेम चुकला नव्हता. बंदुकीत गोळीच नव्हती. ती मी घातली नव्हती. आणि आपली नजर गेली, हात गेला, असं समजून हा माणूस सात वर्षं जगला आणि तसंच समजून गेला.

आप्पामामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचा गाव मालवणपासून आत, जिथून समुद्र दिसत नाही पण संध्याकाळचा वारा खारट लागतो असा. काजू, थोडी आंब्याची कलमं, पावसाळी भात, आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर सखल जमिनीचा एक तुकडा. पावसाळी पीक निघाल्यावर त्या तुकड्यात ते व्हाळाचं पाणी अडवून दुसऱ्यांदा भात घेत. आमच्याकडे त्याला वायंगण म्हणतात. आजूबाजूचं सगळं रान सुकलेलं असताना तेवढा एकच तुकडा हिरवागार, त्यामुळे डुकरांना तो लांबूनही कळायचा. एका फेरीत कळप अर्धं शेत नांगरल्यासारखं उलथून जायचा. शेतीच्या राखणीसाठी म्हणून मामांच्या वडिलांना बंदुकीचा परवाना मिळाला होता, तो पुढे मामांच्या नावावर झाला, आणि त्याबरोबर ती ठासणीची एकनळी बंदूकही. निवडणुका लागल्या की सगळ्या परवानेवाल्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या दिवसांत कुणी विचारलं, "आप्पा, बंदूक खंय?" तर मामा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "म्हायेराक गेली हा." मग निकाल लागला की स्वच्छ सदरा घालून तिला आणायला जात.

पण मामांचं खरं मन बंदुकीत नव्हतं, गोळीत होतं. गोळ्या ते स्वतः ओतत. शिसं देवबागेहून येई. मामीचं माहेर देवबागचं, तिचे भाऊ मासेमारी करणारे. हातानं फेकायच्या जाळ्याला, पागाला, कडेनं शिशाचे मणी असतात. पाग फाटून निकामी झाला की तिचे भाऊ ते मणी काढून डब्यात साठवत आणि इकडे येणारं कुणी भेटलं की ताज्या बांगड्यांच्या मासळीबरोबर पाठवून देत. मामी बांगड्यांकडे धावे, मामा डब्याकडे. चुलीवर शिसं चढवायला मामीची सक्त मनाई होती, म्हणून मामा मागीलदारी तीन दगड मांडून जुन्या कढईत ते वितळवत, साच्यात ओतत, आणि गोळ्या थंड झाल्या की त्यांचं आवडतं काम सुरू होई. जेवायच्या पाटाची एक कड बोटभर उचलायची आणि वरून गोळी सोडायची. ती सरळ रेषेत खाली आली तर राहिली. जराशी कुठे वळली, लंगडली, की परत कढईत. बाहेरून मला दोन्ही सारख्याच दिसत. "हिच्या पोटात वारो आसा," मामा म्हणत. ओतताना आत हवा राहिली की गोळी एका अंगाला जड होते आणि सुटल्यावर मनाला येईल तिकडे जाते, हे मला त्या पाटावर कळलं. निम्म्याहून जास्त गोळ्या परत कढईत जात. "त्या पाटार आता कोण जेवूचो नाय," असं मामीनं एकदा जाहीर केलं आणि तो पाट कायमचा मामांचा झाला.

कशाला काय घालायचं याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. पूर्वी सशाला छर्रे चालत. डुकराला मात्र एकच गोळी, तीही नळीत बरोबर बसेल अशी, आणि तीसुद्धा ते आडवं उभं राहिलं तरच. "छरे लागले तर डुकर मरत नाय, आणि जगत पण नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! मुंबईहून आलेले एक पाहुणे एकदा म्हणाले, मामा, चार-पाच गोळ्या एकदम ठासूया, एखादी तरी लागेल. मामांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "तुमी लग्नाक चार-पाच नवरे घेवन जातास काय? एखादो तरी पसंत पडात म्हणान?" मामी आत पोळे उलथत होती, ती उलथणं हातात धरून बाहेर येऊन हसली. असे मामा. वर्षानुवर्षं त्यांनी फार बार काढले असंही नाही. पिल्लांची मादी दिसली, जनावर तोंड करून उभं राहिलं, की बंदूक खाली. परत येताना म्हणत, "आजचो बार वाचलो," आणि ते एखादी कमाई झाल्यासारखं म्हणत.

आता ती सकाळ. शिमगा जवळ आला होता. मी दोन दिवसांची रजा घेऊन गेलो होतो. वायंगण पोटरीला आलेलं आणि एका एकट्या नर डुकरानं त्यात धिंगाणा मांडलेला. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. मामांनी अर्ज केला होता, कागद आला नव्हता. मामा म्हणाले, कागद येईपर्यंत भात राहायचं नाही. त्यांचा डाव्या हाताचा तळवा कोयत्यानं कापलेला, पट्टी बांधलेली. नळी धरून लोखंडी गजानं तोंडातून दारू-गोळी ठासणं त्यांना जमणार नव्हतं. मला म्हणाले, "मास्तरानू, आज ठासणीचा काम तुमचा." मास्तर झाल्यापासून ते मला कौतुकानं असंच हाक मारत. ठासायला त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी पाटावरून निवडलेली एक गोळी वाटीत काढून ठेवली आणि ते अंगणात डोक्याला पंचा गुंडाळू लागले.

मी पडवीत बंदूक घेऊन बसलो. दारू घातली, नारळाच्या सोडणाचा बोळा घातला, गज मारला. आणि मग वाटीतली गोळी उचलून मी स्वतःच्या खिशात टाकली. खुंटीवर आजोबांच्या काळातली छऱ्यांची पिशवी होती. तिच्यातले छर्रे नळीत ओतले, वरून बोळा ठासला.

का, हे मी आजवर स्वतःलासुद्धा खोटंच सांगत आलो. जनावराची दया आली, छर्रे टोचले की ते पळेल, पुन्हा यायचं नाही, जीवही वाचेल... असं. थोडी दया असेलही. पण खरं कारण भीती. त्याच महिन्यात स्टाफरूममध्ये ऐकलं होतं, की कुठल्या तरी गावात डुक्कर मारलं, पंचनामा झाला, आणि बरोबर असलेला नोकरदार भाऊसुद्धा हेलपाटे घालतोय. मी अनुदानित शाळेतला शिक्षक. मेलेलं डुक्कर लपत नाही, पळालेलं डुक्कर कुणाच्या कागदावर येत नाही, एवढा हिशेब मी गज हातात धरून केला. "मामा, कागद येऊ दे, थांबूया," असं म्हटलं असतं तर ते चिडले असते, पण थांबले असते. माझ्या शब्दाला त्यांच्याकडे किंमत होती. तेवढं तोंड उघडणं मला जमलं नाही. छऱ्यांनी डुकराचं काय होतं हे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. ते वाक्य मला पाठ होतं.

मामा दारात आले. "गोळी घातलंस मां?"

"होय मामा, घातलंय."

त्यांनी नळीत गज घालून बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडेही धड बघितलं नाही, बंदूक घेतली आणि चालू लागले.

उजाडता उजाडता ते डुक्कर आलं. आम्ही शेतातल्या मांगराच्या आडोशाला होतो. शेताच्या मेरेवर, बांधावर, येऊन ते आडवं उभं राहिलं, मामांना हवं तसं. मामांनी नळी बेचक्यावर टेकली, श्वास सोडला आणि बार काढला. डुक्कर किंचाळलं, जागच्या जागी गोल फिरलं, आणि व्हाळ ओलांडून करवंदीच्या जाळीत शिरलं. मामा धूर विरेपर्यंत तसेच उभे. मग म्हणाले, "हलको वाजलो रे बार." मी करवंदीच्या जाळीकडे बघत होतो. "दारू दमट झाली असतली काय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, माझ्यासाठी तेवढं एक दार उघडं होतं. मी म्हणालो, "असेल."

भातावर रक्त होतं. जखमी केलेलं जनावर सोडून घरी येणं त्यांना माहीत नव्हतं. आम्ही दिवसभर जाळ्या धुंडाळल्या. दोनदा त्याचं कण्हणं ऐकू आलं, पण जवळ जावं तर ते पुढे सरकलेलं असे. दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली. मी मालवणला निघून आलो... येताना पुलावर थांबून खिशातली गोळी खाडीत टाकली. मामा एकटेच फिरत राहिले, कापलेल्या हातानं. पुष्कळ दिवसांनी बकऱ्या राखणाऱ्यांना व्हाळाच्या वरच्या अंगाला त्याचे अवशेष दिसले. मामा जाऊन बघून आले. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, कोल्ह्यांनी नेलं होतं. त्यांनी त्यावर दगड रचले आणि घरी येऊन आंघोळ केली.

पुढच्याच आठवड्यात ते बंदूक घेऊन ठाण्यात गेले. हवालदार ओळखीचा. म्हणाला, "आप्पा, निवडणूक खंय आसा आता?" मामा म्हणाले, "माका ठावक आसा. ह्या येळेक परत न्हेवक मी येवचंय नाय." परवानाही परत केला. मला फोनवर सांगितलं ते एखादी गाय विकल्यासारख्या आवाजात. मी म्हणालो, बरं झालं मामा, तेवढीच कटकट गेली. हेसुद्धा मीच म्हणालो.

डोळ्यांसाठी कुडाळला मीच त्यांना घेऊन गेलो. एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती, ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टर खूश, "मामा, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे तुमची. आधीही फार वाईट नव्हती." मामांनी त्यांना विचारलं, "नजर बरी होती तर त्या जनावर हाल होवन कित्या मेला?" डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. परतीच्या एसटीत मामा म्हणाले, "डॉक्टर बरो माणूस आसा. पण मन राखूक बोलता."

वायंगण त्यांनी सोडून दिलं. राखण करता येत नाही तर पेरायचं कशाला म्हणाले. तिथे टाकळा माजला. तिठ्यावरच्या दुकानात मंगेश गल्ल्यावर बसलेला असायचा, तो त्यांना छेडायचा, "काय आप्पा, डुकरां काल तुमची खुशाली इचारीत होती." मामा हसून म्हणत, "माझो नमस्कार सांग तेंका." सगळे हसत. मीही एकदा तिथे होतो. मीही हसलो.

सांगायचं ठरवून मी किती वेळा तिकडे गेलो, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण न सांगताच परत आलो. यंदाच्या शिमग्याला मात्र खरंच तोंड उघडलं होतं. मामा पायरीवर बसून चष्म्याशिवाय पेपर वाचत होते. "जवळचा सगळा दिसता माका," म्हणाले, "लांबचाच गेला." मी म्हणालो, "मामा, तेव्हाचो तो बार..." त्यांनी हात वर केला. "सोड रे. म्हातारपणात असा होवचाच. तू कित्या मनार घेतंस?" त्यांना वाटलं मी त्यांची समजूत घालायला आलोय. उलट त्यांनीच माझ्या पाठीवर हात फिरवला. आणि मी तो फिरवू दिला. ती शेवटची भेट.

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे गेले. सुहास शेवटच्या पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेला होता. मामी मागीलदारी आमसुलं वाळत घातली होती ती उलटीत होती. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि सगळं सांगितलं. वर लिहिलंय त्याच क्रमानं, नोकरीच्या भीतीसकट. तिचे हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "मगे गोळी खंय होती?"

"माझ्या खिशात."

"म्हणजे ह्यांचो नेम..."

"बरोबर होतो मामी. जंय बघलेले थंयच लागलो. छरे होते म्हणान जनावर पडला नाय."

तिनं सूप बाजूला केलं. बराच वेळ ती टाकळ्यानं भरलेल्या त्या शेताच्या दिशेला बघत होती. मला वाटलं होतं रडेल, किंवा शिव्या देईल, आणि दोन्हीला मी तयार होतो. ती बोलली ते वेगळंच. "सात वर्षां दुपारी जेवूक बसले काय पयलो घास बाजूक काढीत. पानाच्या तुकड्यार घेवन परड्यात न्हेवन ठेवीत. माका वाटला कावळ्याक. एकदा इचारलंय, तर म्हणाले, जखमेन चरूक जमला नाय, त्या जनावर माझ्या हातान उपाशी मेला. तेच्या वाट्याचो घास हो." मी म्हटलं, मला कधी दिसलं नाही. "तू इलंस काय ते तुझ्या आधी जेवन घेयत. पाव्हण्यांका दिसाक नको म्हणान." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच आवाज चढवून, "आणि तू रे? तू माझ्या हातचा जेवन जायस. गोड लागा तुका?"

तिनं सूप परत पुढे ओढलं.

मग तीच म्हणाली, "माका सांगून काय उपेग? मी खंय तेंचो नेम बघूक गेललंय? मंगेशाक सांग. दुकानार सगळ्यांदेखत सांग. आणि तू पेपरात लिवतंस मां अधनंमधनं? थंय पण लिव." जाताना दुकानात थांबलो. मंगेश साखर तोलत होता. चार माणसं होती, त्यांच्यासमोर सांगितलं. त्यानं तराजू खाली ठेवला. "आप्पांका मी काय काय बोललंय रे..." एवढंच म्हणाला आणि गिऱ्हाइकाला साखर द्यायची विसरला. हा लेख मामीच्या सांगण्यातला दुसरा भाग. जे आप्पामामांना ओळखत होते, त्यांच्यावर हसले, ज्यांनी त्यांची कीव केली, त्या सर्वांसाठी लिहितो: त्यांची नजर शाबूत होती, हात शाबूत होता. बिनापरवानगी बार काढल्याची चौकशी आता कुणाला करायची असेल तर ती माझी करावी. ठासणारा मी होतो.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा मामी परड्यातून केळीच्या पानाचा एक तुकडा कापून घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "उद्यापासून घास तू ठेव. हंय मी ठेवचंय नाय."

"कितके दिवस, मामी?"

"तेंनी इचारल्यानी काय कोणाक, कितके दिवस?"

शाळेत डबा उघडतो तेव्हा पहिला घास काढून कंपाउंडच्या मागे ठेवून येतो. सहकाऱ्यांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं. पहिल्या दिवशी तो कुत्र्यानं खाल्ला. मी मामीला फोन केला, ती म्हणाली, खाव दे, कुत्रो काय माणूस आसा? आता तिचा फोन आला की तब्येतीची चौकशी नंतर, आधी विचारते आज घासात काय होतं. परवा सांगितलं, भात आणि वालाची भाजी. ती म्हणाली, "ह्यांका वाल कधी आवडले नाय... पण जनावराक चलात."